कोणतं पान?

माझी एक खोड आमच्या आरोग्य केंद्राच्या ओट्यावर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. मी कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नाही. एकदा सांगितलं की सांगितलं. ही सवय घरची. दारव्ह्याला आमच्या घरात आम्ही सहा भावंडं, आणि आई जेवायला एकदाच हाक मारायची. ज्याला ती ऐकू आली नाही त्यानं नंतर हातानं वाढून घ्यायचं, तेही काही उरलं असेल तर. त्यामुळे माझे कान तिखट झाले आणि जीभही. नर्स होऊन या केंद्रात वीस वर्षं झाली तरी दोन्हींची धार गेलेली नाही.

आमचं केंद्र यवतमाळपासून गाडीनं पाऊण तासावर, घाटंजीच्या बाजूला. पुढे कडुनिंब, मागे कपाशी. माणसं मोजकीच. सगळ्यांत जुनी आमची मावशी. झाडण्यापुसण्यापासून बाळंतिणीचे पाय धरण्यापर्यंत सगळं तीच करते, आणि केंद्रात कुठली वस्तू कुठे आहे हे कपाटापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं. औषधं सांभाळणारे भाऊ प्रत्येक गोष्ट मोठ्यानं मोजतात. चहाबरोबर बिस्किटं वाटली तरी "एक, दोन, तीन" ऐकू येतं. आणि रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरकाका. त्यांना गाडी चालवताना रस्ता वाचून दाखवायची सवय आहे. मागे पोटुशी बाई झोपलेली असते, तिला आधीच कळावं म्हणून ते ओरडतात, "गड्डा!" मग गाडी हळू होते आणि मग खड्डा येतो. रिकामी गाडी असली तरी ते "गड्डा!" म्हणतातच.

ही गोष्ट घडली त्या वर्षी ऑगस्टात नवीन डॉक्टर आल्या. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली, सत्तावीस वर्षांची मुलगी. हुशार होती, कामाला वाघ होती, पण आमची भाषा तिच्या कानात शिरेना. आमच्याकडे ळ चा य होतो. एक म्हातारे बाबा येऊन म्हणाले, "मॅडम, पोटात गोया उठला." मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "गोव्याला कधी गेला होतात?" बाबा घाबरले. त्यांना वाटलं, आपल्याला एवढा मोठा आजार झाला की त्याच्यासाठी गोव्याला जावं लागतं. मावशी पदराआड हसून हसून खाली बसली.

मॅडमना राग यायचा नाही. त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "सिस्टर, पुन्हा सांगा ना." पेशंटला म्हणायच्या, "आजी, पुन्हा सांगा ना." दिवसातून शंभर वेळा. आणि माझ्या खोडीची गोष्ट तर मी वर सांगितलीच आहे. शेवटी नोव्हेंबरातल्या एका बुधवारी माझा तोल गेला. मी म्हटलं, "मॅडम, मी एकदाच सांगते. ऐकायचं असेल त्यानं ऐकावं." त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मला संध्याकाळपर्यंत थोडं वाईट वाटलं, आणि मग माझंच कसं बरोबर होतं याची मी मनात उजळणी केली.

दुसरा दिवस लसीकरणाचा. केंद्रात बारकी पोरं आणि त्यांच्या आया, आणि एक रडलं की सगळी रडतात. मी सुई भरत होते. अकरा वाजत आले असतील, तेवढ्यात दोन बाया आत आल्या. दोघींच्या अंगात लुगड्यावर नवऱ्याचे जुने फुलशर्ट, कंबरेला कापसाची ओटी, म्हणजे वेचणीतून सरळ उठून आलेल्या. मोठीनं धाकटीला खांद्याला धरलं होतं. मोठी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, जावेले पान लागलं व माह्या."

आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत. नाव घेतलं की जनावर मागं येतं असं मानतात. पान लागलं म्हणतात. हे मला जसं कळतं तसं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी हातातल्या बाळाच्या मांडीत सुई दिली आणि मान न वळवता आतल्या खोलीकडे ओरडले, "मॅडम, पान लागलंय! बघा लवकर!"

मॅडम लगेच बाहेर आल्या, दोघींना आत घेऊन गेल्या. मी तिरक्या डोळ्यानं ते पाहिलं. आता त्या मला हाक मारतील, सलाईन लावा म्हणतील, सापाची लस काढा म्हणतील, म्हणून मी कान देऊन होते. हाक आली नाही. एरवी मी हाकेची वाट बघत नाही, आधीच पोचलेली असते. पण बुधवारचं माझ्या डोक्यात होतं. म्हटलं, असू दे, एवढ्या शिकलेल्या आहेत, लागलं तर बोलावतील. आणि मी पुढचं बाळ मांडीवर घेतलं.

आत काय झालं ते नंतर कळलं. मॅडमच्या कानाला 'पान लागलं' म्हणजे सुपारी लागते तसं पान लागलं. त्यांच्या आजोबांना तंबाखूचं पान चालायचं, आणि एकदा कुणा पाहुण्यानं ते खाल्लं आणि त्याला गरगरलं, ओकारी झाली, अशी घरची जुनी गोष्ट होती. समोरची पोरगी तशीच घामेजलेली, तिला मळमळत होतं, जीभ जड झाली होती. त्यात जावेच्या तोंडात खरोखरच पान होतं, ओठ लालभडक. मॅडमनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि जावेला विचारलं, "एकच का?"

"एकच जी. पण जबर लागलं."

"याआधी कधी लागलं होतं?"

"नाई व माय! पह्यल्यांदाच."

"मग बरोबर. सवय नसली की असं होतं," मॅडम म्हणाल्या. जावेनं मान डोलावली. शहरातल्या डॉक्टरांना सवय असेल बाप्पा, असं तिला वाटलं म्हणे.

मॅडमनी धाकटीला पलंगावर निजवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि "थोडा वेळ पडू द्या, उतरेल," असं सांगून बाहेरचा दुसरा पेशंट घेतला. पायाकडे त्यांचं लक्ष जायचं काही कारण नव्हतं. लुगडं घोट्यापर्यंत, पाय चिखलानं भरलेले, पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडांचे, ओरखडे प्रत्येक वेचणाऱ्या बाईच्या पायावर असतात.

अशी पंधरा मिनिटं गेली. भिंतीच्या अलीकडे मी बाळांना सुया देत होते आणि पलीकडे ती पोरगी पडून होती.

मावशी पोछा मारत पलंगापर्यंत पोचली तेव्हा थबकली. धाकटीच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या आणि ती कपाळाला आठ्या घालून त्या उचलायला बघत होती. मावशीनं जावेला विचारलं, "काय व, झोप लागून राह्यली का हिले?"

"नाई. डोयेच उघडून नाई राह्यले."

"झालं काय पण?"

"पान लागलं न. पऱ्हाटीत."

मावशीनं लुगडं वर केलं. पिंढरीवर चिंधी करकचून बांधलेली आणि घोट्याजवळ दोन टिपके, भोवती सूज. मावशीनं पोछा तिथंच टाकला आणि अशी ओरडली की लसीकरणाची सगळी पोरं एका क्षणात गप्प झाली. "मॅडम! खायाचं पान नाई! साप! सापानं चावलं हिले!"

वीस वर्षांत मावशीच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मी धावले. मॅडमही धावल्या. पलंगाच्या दोन बाजूंनी आम्ही एकमेकींसमोर उभ्या राहिलो आणि एका नजरेत दोघींना सगळं कळलं. त्यांचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला. माझाही झाला असणार. मी वळून एक वाक्य बोलले असते, फक्त एक, तर ही पंधरा मिनिटं वाचली असती. पण मॅडमनी रडण्यात आणि विचारण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी एकदा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ऐका. मला तुमचे शब्द कळत नाहीत, तुम्हाला माझे कळत असतील याची खात्री नाही. आतापासून मी जे सांगेन ते ऐकणाऱ्यानं मला मोठ्यानं परत म्हणून दाखवायचं. मग करायचं. कळलं?"

मावशी म्हणाली, "परत म्हणून दाखवाचं, मग कराचं."

"चिंधी आत्ता सोडायची नाही. लस सुरू झाली की मी सांगेन."

"चिंधी सोडाची नाई," जाऊ म्हणाली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"सिस्टर, सलाईन लावा. आधी ॲट्रोपिन, मग निओस्टिग्मिन."

आणि मी, जी एकदाच बोलते, मी म्हटलं, "सलाईन लावते. आधी ॲट्रोपिन, मग निओस्टिग्मिन."

भाऊंनी सापाची लस आणली. मोजत आणली, "एक, दोन, तीन," आणि त्या दिवशी त्यांचं मोजणं मला पहिल्यांदा गोड लागलं. दहा बाटल्या. ही लस म्हणजे बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी सोडायचं आणि बाटली हातात धरून हळूहळू गोल फिरवायची, विरघळेपर्यंत. हलवायची नाही. हलवली की फेस येतो आणि फेस बसेपर्यंत तुम्ही हात चोळत बसता. एका माणसानं दहा बाटल्या फिरवायच्या तर पेशंटला तेवढी फुरसत नसते.

मॅडम म्हणाल्या, "ज्यांचे हात रिकामे आहेत त्यांनी या."

भाऊ पाणी सोडत गेले आणि आम्ही फिरवत गेलो. ड्रायव्हरकाका गाडी दाराशी लावून आत आले, दोन बाटल्या त्यांनी घेतल्या आणि खोकल्याचं औषध हलवावं तशी पहिली घुसळली. झाला फेस.

"काका, फिरवा! हलवू नका!"

"फिरवा, हलवू नका," काका पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, आणि दुसरी अशी फिरवली की जणू हातात चिमणीचं पिल्लू आहे. मावशी दोन्ही हातांत दोन घेऊन जातं ओढावं तशी एका लयीत फिरवत होती. जाऊ एक फिरवत होती, डोळ्यांतून पाणी, तोंडात अजून ते पान. मॅडम एका हातानं पोरीची नाडी धरून दुसऱ्या हातानं बाटली फिरवत होत्या. एवढ्या घाईच्या वेळी एवढ्या हळू काम करणारी माणसं मी कधी पाहिली नाहीत. मला तशातही हसू आलं. भीतीच्या आतून एक वेगळीच भावना वर येत होती, आणि आज विचाराल तर मी तिला आनंदच म्हणेन. वीस वर्षं आम्ही एका छताखाली काम केलं होतं, पण एक काम सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी केलं.

लस सुरू झाली. चिंधी मॅडमनी सावकाश सोडली. पण पोरीचा श्वास उथळ व्हायला लागला होता, पापण्या पूर्ण मिटल्या होत्या, बोलणं बंद. "यवतमाळ," मॅडम म्हणाल्या.

"यवतमाळ," काका म्हणाले आणि पळाले.

भाऊ केंद्रात थांबले. त्यांनी मोठ्या दवाखान्यात फोन लावला आणि वय, वेळ, किती बाटल्या गेल्या, कुठली इंजेक्शनं झाली, सगळं सांगून पलीकडच्या माणसाला म्हणाले, "आता तुम्ही मले वाचून दाखवा." पलीकडचा चिडला म्हणे. भाऊंनी सोडलं नाही.

गाडीत मॅडम, मी, मावशी. जाऊ काकांच्या शेजारी. अर्ध्या वाटेत पोरीची छाती हलेनाशी झाली. मॅडमनी तोंडावर मास्क दाबून धरला, मी त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबायला घेतला. फुगा भरभर दाबायचा नसतो, आणि घाबरलेला माणूस नेमका भरभर दाबतो. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मोजा. पाच म्हणाल तेव्हा सिस्टर दाबतील."

"पाच म्हणल तवा दाबाचं," मावशी म्हणाली आणि मोजायला लागली. "एक, दोन, तीन, चार, पाच." मी दाबायचे, छाती उचलायची. "एक, दोन, तीन, चार, पाच." पुढून काका, "गड्डा!" मग आम्ही तिघी स्ट्रेचरला रेलायचो, गाडी हळू व्हायची, खड्डा जायचा, मावशीचा आकडा चुकायचा नाही. रस्त्यावरच्या एकूण एक खड्ड्याचं नाव त्या दिवशी घेतलं गेलं.

मधे एकदा एका हातानं मास्क धरून ऑक्सिजन बघायला मॅडम मागे वळल्या तेव्हा मी खाली वाकले. पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलले. काय बोलले ते पुढे सांगते. तिला ऐकू जातंय असं मला वाटलं नव्हतं. ती आता इथे नाहीच अशा माणसासारखी पडली होती.

मोठ्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं, दोन डॉक्टर उभे होते आणि त्यातल्या एकानं आम्ही तोंड उघडायच्या आत आमच्या पेशंटची सगळी हकिकत आम्हालाच वाचून दाखवली. भाऊंची करामत. तिला आत नेलं, यंत्रावर ठेवलं. आमचं काम संपलं.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मॅडमनी चहा तसाच बाजूला ठेवला. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, सिस्टर. मी 'एकच का' विचारलं. एकच का!" आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मावशीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा प्यायले आणि म्हटलं, "होतं असं कधी कधी." एवढंच.

चार दिवसांनी फोन आला की यंत्र काढलं, पोरगी स्वतः श्वास घेते आहे आणि जेवायला काय आहे असं विचारते आहे. भाऊंनी तो फोन घेतला, पलीकडच्याला परत वाचून दाखवला आणि मग सगळ्या केंद्राला ओरडून सांगितला. काकांनी उभ्या गाडीचा भोंगा वाजवला. मावशीनं मॅडमला मिठी मारली, हातातल्या फिनाईलसकट.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. कुणी कुणाला काही सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं नुसतीच मान डोलावली, की सांगणारा विचारतो, "कोणतं पान?" म्हणजे, तुला काय कळलं ते बोलून दाखव. सुरुवात काकांनी चेष्टेत केली. मॅडमनी त्यांना दुपारी तीनला गाडी लावायला सांगितली आणि काका स्वतःच म्हणाले, "कोणतं पान, मॅडम? दुपारचं तीन न?" हशा पिकला, आणि ते शब्द चिकटले. आता बाळंतपणाच्या टेबलाशी मॅडम इंजेक्शन सांगतात, मी परत म्हणते. गावातली आशाताई फोनवर पेशंट सांगते, मी विचारते, "कोणतं पान?" तिला गोष्ट ठाऊक आहे, ती हसते आणि सगळं पुन्हा नीट सांगते. नवीन आलेल्या माणसाला आम्ही वेड्यासारखे वाटतो.

डिसेंबरात एका दुपारी शेअर जीप दाराशी थांबली आणि त्या दोघी उतरल्या. धाकटी स्वतःच्या पायानं. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, जावेच्या तोंडात पान. आम्ही सगळे ओट्यावर जमलो. पण पोरगी आमच्याकडे परक्यासारखी बघत होती. मग लाजून म्हणाली, "मी कोणालेच ओयखत नाई जी. आली तवा धड दिसत नव्हतं, मंग तर डोयेच मिटले. पण आयकू येऊन राह्यलं होतं. सारंच."

मॅडम चमकल्या. "सगळं?"

"सारं. मले वाटलं मी मेली. मग कोणीतरी एक-दोन-तीन मोजून राह्यलं होतं. म्हणलं, मेल्यावर कोण मोजते? मीही संगं संगं मोजत होती मनात. आन् सारे जण दोन-दोनदा बोलत होते. म्हणलं, एवढे लोक एवढं घोकून राह्यले, मंग आपण काय मरत नाई." ती हसली. "मी डोये मिटतो. तुम्ही एकेक जण बोला."

आणि तिनं ओट्यावर बसून खरोखरच डोळे मिटले.

मावशी म्हणाली, "पाच." पोरीनं मिटल्या डोळ्यांनी हात पुढे केला आणि मावशीचा पदरच धरला. भाऊ म्हणाले, "सात, आठ, नऊ, दहा." ती म्हणाली, "बाटल्यावाले भाऊ." मॅडम घसा साफ करून म्हणाल्या, "पुन्हा सांगा ना," आणि ती टाळ्या वाजवायला लागली. काका कोपऱ्यात उभे होते, त्यांना वाटलं आपला काय संबंध, आपण तर पुढे गाडीत होतो. ते हळूच म्हणाले, "गड्डा." पोरगी एवढी हसली की तिला ठसका लागला. जाऊही हसली, आणि तिनं पदराची गाठ सोडून आमच्यासाठी बांधून आणलेली पानं काढली.

"घ्या मॅडम. हे खायाचं हाये."

मॅडमनी आयुष्यात कधी पान खाल्लं नव्हतं, पण त्या दिवशी नाही कसं म्हणणार. घेतलं, चावलं. त्यात जावेच्या मापाचा तंबाखू होता. पाच मिनिटांत मॅडमना घाम फुटला, गरगरायला लागलं, आणि त्याच पलंगावर निजवून मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मावशी दारातून म्हणाली, "एकच का?" मॅडमना ओकारी आणि हसू एकदम आलं.

माझा आवाज मात्र पोरीनं ओळखायला मागितला नव्हता. त्या गडबडीत राहून गेलं असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

जीपवाला भोंगा वाजवायला लागला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. जाऊ पुढे चढली. पोरीनं माझा हात धरला आणि आवाज खाली करून म्हणाली, "बाई, तुमाले तर मी आल्या आल्याच आवाजावरून ओयखलं. थे तुमी माह्या कानात बोलल्या न, थे मी कोणाले नाई सांगतलं. जावेलेही नाई."

जीपमध्ये बसलेली जाऊ ऐकते आहे का ते मी आधी बघितलं.

"तुमी म्हणल्या जाऊ नको," ती म्हणाली. "म्हणून नाई गेली."

आणि ती जीपमध्ये चढली. रस्त्याच्या वळणापर्यंत तिचा हात हलताना दिसत होता.

मी परत आले तेव्हा सगळे पलंगाभोवती मॅडमची चेष्टा करत होते. त्या डोक्यावर ओला रुमाल ठेवून पडल्या होत्या आणि म्हणत होत्या की ही चूक मी नातवंडांनासुद्धा सांगणार. मी दारात उभी राहिले. गाडीत मी त्या पोरीच्या कानात काय बोलले होते ते मी तिथे मोठ्यानं बोलले. "चूक माही हाये, माय. मले राग होता, म्हणून मी वळून नाई पाह्यलं. हाकेची वाट पाहत बसली. तू जाऊ नको."

मावशीनं काकांकडे बघितलं, काकांनी खाली. मॅडमनी रुमाल बाजूला केला आणि कोपरावर उठून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, ते पानामुळे की कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता.

"कोणतं पान, सिस्टर?" त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा ना."

मी पुन्हा सांगितलं.